नक्कल आणि रुजुवात

मराठी वाचकाला ‘रुजुवात’ हा शब्द ओळखीचा असलाच, तर तो बहुधा अशोक केळकरांच्या ग्रंथामुळे. २०१० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या त्या ग्रंथाच्या शीर्षकापलीकडे हा शब्द साहित्यात फारसा भेटत नाही. कचेरीत मात्र तो जुना रहिवासी आहे. एखाद्या कागदाची नक्कल मागितली की एकजण ती उतरवून काढी, दुसरा मूळ आणि नक्कल शेजारी ठेवून ओळीला ओळ व आकड्याला आकडा लावून पाही, आणि मग नकलेच्या तळाशी दोघांच्या सह्या होत. एक नक्कल करणाराची, दुसरी रुजुवात घेणाराची. ‘अस्सलबरहुकूम’ हा शब्द त्यानंतरच लिहिता येई. या पद्धतीतले मर्म साधे आहे. उतरवून घेणे हे एक काम आणि उतरवलेले मुळाशी जुळते असे म्हणणे हे दुसरे काम, हा भेद तिच्यात गृहीत धरलेला होता.

गूगल डॉक्स, गूगल शीट्स किंवा त्यांच्यासारख्या, अनेकांनी एकाच वेळी लिहावयाच्या दस्तऐवजांनी यांपैकी पहिले काम इतके सोपे केले आहे की दुसरे काम असते याचाच विसर पडावा. तक्ता निवडायचा, उचलायचा, दुसऱ्या दस्तऐवजात चिकटवायचा. रेघा येतात, रकाने येतात, ठळक अक्षरे आणि रंगसुद्धा येतात. नक्कल मुळाइतकीच, कधी मुळाहून अधिक, देखणी दिसते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे की तक्ता असा उचलला जातो तेव्हा त्याचे आकडे येतात, पण साक्ष मागे राहते. आणि ही साक्ष सोबत आणण्याची जबाबदारी यंत्रावर टाकून मोकळे होता येत नाही. ती लेखनशिस्तीची बाब आहे. म्हणूनच साहित्याची आणि संहितेची चर्चा करणाऱ्यांनी तिच्याकडे लक्ष द्यावे.

असे का होते हे समजण्यासाठी तक्ता आणि गद्य यांतला फरक पाहावा लागेल. “काल वडगावच्या बाजारात टोमॅटोला क्विंटलमागे अमुक रुपये दर मिळाला” या वाक्यात स्थळ, काळ, वस्तू, परिमाण आणि आकडा एकत्र बांधलेले आहेत. वाक्य उचलले की सगळे एकत्र येते. तक्ता हीच माहिती वेगवेगळ्या जागी ठेवतो. आकडा घरात असतो, परिमाण रकान्याच्या माथ्यावर, तारीख वरच्या आडव्या पट्टीत, स्थळ शीर्षकात आणि अपवाद तळटीपेत. जे सर्वांना समान आहे ते एकदाच सांगायचे, ही तक्त्याची काटकसर आहे आणि तीच त्याची ताकद आहे. पण या काटकसरीमुळेच तक्त्याचा तुकडा वाक्याच्या तुकड्यासारखा स्वतःच्या पायावर उभा राहू शकत नाही. चार ओळी कापून नेल्या की त्यांच्या अर्थाचा मोठा भाग जुन्या जागीच राहतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगावचे उदाहरण घेऊ. ज्या गावाच्या नावातच पेठ आहे, तिथे बाजारभावाचा तक्ता ही काही नवलाची वस्तू नव्हे. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या दैनंदिन बाजारभावांत इथली बाजार समिती ‘वडगाव पेठ’ या नावाने येते. १९८४ साली स्थापन झालेल्या या मंडळाचा भावाचा तक्ता शेतमालाशी संबंध असलेल्या बहुतेक मराठी माणसांनी पाहिलेला असतो. बाजार समिती, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे त्याचे रकाने. तारीख प्रत्येक ओळीत नसते. ती एका आडव्या पट्टीत एकदाच येते आणि तिच्याखाली त्या दिवसाच्या समित्यांच्या ओळी.

हा तक्ता दिवसभरात किती वेळा उचलला जात असेल याची कल्पना करावी. वृत्तपत्र तो घेते, बातम्यांची संस्थळे घेतात, शेतकऱ्यांच्या कंपन्या आणि भाजी एकत्र करून पाठवणारे गट आपापल्या सामाईक शीटमध्ये घेतात, आणि तेथून त्याची चित्रे भ्रमणध्वनीवर फिरतात. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गळते. कोठे काय गळते याला एक क्रम आहे आणि तो क्रम उद्बोधक आहे.

सर्वांत आधी जाते ती तारखेची पट्टी. हव्या त्या समितीची ओळ उचलली की वरची पट्टी निवडीत येतच नाही. त्यानंतर जातो परिमाणाचा रकाना. जागा वाचवायची असेल तर ज्यात ओळीमागून ओळ ‘क्विंटल’ असाच शब्द आहे तो रकाना निरुपयोगी वाटतो. पण कोथिंबिरीसारखी पालेभाजी काही समित्यांत क्विंटलवर नोंदली जाते आणि काही समित्यांत नगावर. परिमाण काढून टाकले की एका ओळीत दर आठ-दहा रुपये दिसतो, दुसऱ्या ओळीत हजारात, आणि दोन्ही ओळी एकाच तक्त्यात शेजारी शांतपणे बसलेल्या असतात. मग जाते आवक. वास्तविक आवक पाहिल्याशिवाय दराचा अर्थच लागत नाही. दोन क्विंटल आवकेवर मिळालेला उच्चांकी दर आणि दोनशे क्विंटलवर मिळालेला दर यांची तुलना कशी करायची? शेवटी तीन दरांपैकी दोन जातात आणि एक उरतो. उरतो तो बहुधा जास्तीत जास्त दर, कारण बातमी त्याची होते. मूळ तक्ता म्हणत होता की अमुक दिवशी, इतक्या आवकेवर, इतक्यापासून इतक्यापर्यंत दर गेले आणि सर्वसाधारणपणे इतके मिळाले. चौथ्या हातातला तक्ता म्हणतो, वडगावला इतका भाव आहे. कोणीही खोटे लिहिलेले नाही. प्रत्येकाने खरे तेच उतरवले, फक्त थोडे कमी. आणि ते वाचून ज्याने पहाटे टेम्पो भरला त्याला दराचा खरा अर्थ बाजारात पोचल्यावर कळतो.

नावांचीही हीच गत. गावाला आपण पेठ वडगाव म्हणतो, बाजारभावाचा तक्ता वडगाव पेठ म्हणतो, आणि बोलताना नुसते वडगाव म्हणून भागते. माणसाला यात काही अडचण नाही. पण दोन तक्ते नावावरून जोडू पाहणाऱ्या सूत्राला ही तीन वेगवेगळी गावे आहेत. उलट जिल्ह्याचा रकाना वगळून नुसते ‘वडगाव’ उचलले, तर ते कोणते हे कोणी सांगावे? महाराष्ट्रात वडगावे काही थोडी नाहीत. इंग्रजांशी १७७९ साली तह झाला ते वडगाव मावळातले. सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे ते वडगाव कोल्हापूरकडचे. इतिहास वाचणाऱ्यांचीही जिथे गल्लत होते, तिथे एका रकान्याच्या आधारावर उभे असलेले सूत्र काय करणार?

मराठीत याला आणखी एक पदर आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी, आणि काही ठिकाणी त्यानंतरही, आपल्या संस्थांचे तक्ते श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या टंकांत तयार झाले. त्यांत अक्षराचे केवळ रूप देवनागरी असते, संगणकाच्या लेखी ती रोमन चिन्हेच असतात. असा तक्ता आजच्या सामाईक दस्तऐवजात चिकटवला की सभासदांची नावे, गावे आणि शेरे निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसतात. आकडे मात्र बहुधा शाबूत राहतात. कोणाचे ते कळेनासे झालेले, पण बेरीज अचूक असलेले आकडे! तक्त्याच्या नकलेत साक्ष गळते आणि आकडा उरतो असे वर म्हटले, त्याचे याहून ढळढळीत रूप शोधून सापडणार नाही.

उचलणे आणि चिकटवणे ही कल्पना आज निसर्गदत्त वाटते, पण तिला पन्नासच वर्षे झाली आहेत. २०२० साली निवर्तलेले लॅरी टेस्लर यांनी झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकाच्या मध्याला टिम मॉट यांच्याबरोबर ती संगणकावर रूढ केली. तिची प्रेरणा संपादकाच्या टेबलावरची होती, कात्री आणि गोंद यांची. कात्रीने कापलेल्या कागदाला आपण कोठून कापले गेलो हे ठाऊक नसते, आणि संगणकाने कात्रीबरोबर तिचे हे अज्ञानही उचलले. ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द १९६५ मध्ये प्रचारात आणणाऱ्या टेड नेल्सन यांचा याला पहिल्यापासून विरोध होता. उद्धृत केलेला भाग नव्या जागी दिसावा, पण त्याचे मुळाशी असलेले नाते तुटू नये, वाचकाला केव्हाही उद्धरणावरून मुळाकडे जाता यावे, अशी त्यांची कल्पना. तिला त्यांनी ‘ट्रान्सक्लूजन’ असे नाव दिले. ती कल्पना त्यांना अभिप्रेत असलेल्या पूर्ण रूपात रुजली नाही, कात्री मात्र रुजली.

हिशेबाच्या तक्त्यांच्या जगात एक वेगळा प्रयत्न झाला होता. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी तयार केलेल्या व्हिसिकॅल्क या कार्यक्रमात एखादे सूत्र दुसऱ्या घरांत उतरवायचे झाले की यंत्र त्यातल्या प्रत्येक संदर्भाबद्दल वापरणाऱ्याला प्रश्न करी: हा जसाच्या तसा ठेवायचा, की नव्या जागेनुसार बदलायचा? काम कंटाळवाणे होते यात शंका नाही. पण नक्कल करणाऱ्याला प्रत्येक वेळी हे ठरवावे लागे की आपण नेमके काय उतरवतो आहोत. पुढच्या कार्यक्रमांनी हा प्रश्न विचारणे सोडून दिले आणि एका डॉलरच्या चिन्हावर त्याची बोळवण केली. सोय झाली खरी. पण विचारलेला प्रश्न दिसतो आणि न घातलेले चिन्ह दिसत नाही, हा फरक पडला.

आजचा सामाईक दस्तऐवज एक प्रश्न मात्र अजून विचारतो. गूगल शीट्समधला तक्ता गूगल डॉक्समध्ये चिकटवू लागलो की दोन पर्याय समोर येतात, मूळ शीटशी दुवा ठेवून चिकटवणे किंवा दुव्याविना चिकटवणे. दुवा ठेवला आणि पुढे मूळ बदलले, तर तक्त्याच्या कोपऱ्यात अद्ययावत करण्याचे बटण उमटते. दुवा न ठेवल्यास तक्ता त्या क्षणी गोठतो. मग यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर नाही काय? सदैव दुवा ठेवावा, म्हणजे झाले!

प्रस्तुत लेखकाला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. एक तर, दुवा असलेला तक्ताही बटण दाबेपर्यंत जुनाच असतो, आणि ते बटण कोणी दाबायचे हे ठरलेले नसते. दुसरे, दस्तऐवज वाचण्याचा अधिकार असलेल्याला मूळ शीट पाहण्याचा अधिकार असेलच असे नाही. तो नक्कल पाहू शकतो, रुजुवात घेऊ शकत नाही. तिसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. काही नकला गोठलेल्याच असल्या पाहिजेत. समजा, एखाद्या सहकारी संस्थेच्या सभेने ठराव केला आणि त्याला जोड म्हणून थकबाकीचा तक्ता लावला. सभेपुढे होता तोच तक्ता त्या ठरावाला चिकटून राहायला हवा. उद्या मूळ शीट सुधारली म्हणून ठरावातले आकडे बदलले, तर सभेने जे पाहिलेच नव्हते त्यावर सभेची संमती असल्याचे दिसेल. बाजारभाव जिवंत हवा, इतिवृत्त गोठलेले हवे. म्हणजे दुवा चांगला की वाईट हा प्रश्नच गैरलागू आहे. हाती आलेली नक्कल कोणत्या जातीची आहे, हे नकलेवर लिहिलेले आहे की नाही, हा खरा प्रश्न.

आपल्याकडे तक्त्यांची एक फार मोठी नक्कल गेल्या काही दशकांत होऊन गेली, आणि रुजुवातीची किंमत तिच्यातून शिकता येते. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेखाचे पत्रक आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. दोन्ही मिळून आपला सातबारा. तोही एक तक्ताच, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या हाताने उतरवला गेला. वही भरली की नवी वही, आणि नव्या वहीत जुन्यातल्या चालू नोंदींचे पुनर्लेखन. त्यात चुका होणार हे कायद्यानेही धरूनच चालले होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५५ मध्ये त्या चुकांना ‘लेखनप्रमाद’ असे फार समर्पक नाव आहे. पुढे राज्यातले अडीच कोटींच्या आसपास सातबारे संगणकावर आले. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा यांत तफावती निघाल्या. कोठे क्षेत्राचा दशांश सरकला, कोठे नावातले अक्षर बदलले, कोठे इतर हक्कांतली नोंद सुटली. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला कर्ज, पीकविमा, भूसंपादनाचा मोबदला हे सारे त्या घरातल्या आकड्यावर मिळते, तेव्हा ही काही शुद्धलेखनाची किरकोळ बाब नव्हती.

मग शासनाने जे केले ते लक्षणीय आहे. २०१७ साली गावोगाव चावडीवाचन झाले. संगणकातले सातबारे लोकांसमोर वाचून दाखवायचे, हरकती घ्यायच्या, हस्तलिखिताशी ताडून दुरुस्त्या करायच्या. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, आणि त्यावरच्या पडताळणी क्रमांकावरून ती नक्कल खरी की नाही हे घरबसल्या पाहता येऊ लागले. चावडीवाचन ही रुजुवातच होती, फक्त एका कारकुनाने न घेता गावाने घेतलेली. तिच्यात त्रुटी राहिल्या नाहीत असे नव्हे. पुढेही दुरुस्तीचे अर्ज येतच राहिले. पण आधी उतरवून काढू, जुळवणी सवडीने पाहू, असा क्रम ठेवला की जुळवणीचे ओझे शेवटी कोणावर पडते, हे त्या वर्षांनी दाखवून दिले. ते पडते ज्याचा सातबारा आहे त्याच्यावर. नक्कल करणारा केव्हाच पुढच्या कामाला लागलेला असतो.

जगात इतरत्रही याहून वेगळे घडलेले नाही. जे. पी. मॉर्गन या बलाढ्य बँकेला २०१२ साली सहा अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. बँकेच्याच चौकशी अहवालात २०१३ मध्ये नमूद झाले की जोखीम मोजण्याचे त्यांचे नवे प्रतिमान एक्सेलच्या अनेक शीट्सवर चालत होते आणि एका शीटमधली माहिती दुसरीत हाताने उचलून चिकटवावी लागत होती. तोट्याची कारणे अनेक होती. पण धोक्याची घंटा वाजवायची ते मापकच अशा नकलांवर उभे होते, एवढे खरे. २०२० च्या शरदऋतूत इंग्लंडमध्ये करोनाच्या जवळजवळ सोळा हजार रुग्णांच्या नोंदी सार्वजनिक आकडेवारीतून सुटल्या, कारण माहिती ज्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये उतरवली जात होती तिची ओळींची मर्यादा संपली होती. ओळी संपल्यावर यंत्राने हाक मारली नाही, उरलेल्या नोंदी नुसत्या आल्या नाहीत. तक्त्यातला अभाव डोळ्यांना दिसत नाही. गद्यातले वाक्य अर्धवट तुटले तर वाचक अडखळतो, पण तक्त्यातली एक ओळ गेली तर उरलेल्या ओळी एकमेकींना सरकून जागा देतात आणि चौकट पूर्ववत देखणी राहते.

संहितेच्या अभ्यासकाला यातले काहीच नवीन वाटू नये. नकलांच्या नकला होत जाताना काय गळते, काय घुसते आणि त्यावरून मूळ कसे शोधायचे, हा पाठचिकित्सेचा विषयच आहे, आणि त्या विद्येचे एक थोर काम पुण्यात झाले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ केला आणि १९६६ मध्ये ती पूर्ण झाली. १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक असलेल्या विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९३३ च्या आपल्या विस्तृत प्रस्तावनेत पाठभेद कसे नोंदले जात याचे वर्णन केले आहे. आडव्या-उभ्या रेघा आखलेला मोठा कागद. त्याच्या माथ्यावर प्रचलित पाठातला श्लोक एकेक अक्षर सुटे करून लिहिलेला. खाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एक ओळ, आणि त्या हस्तलिखितात जिथे वेगळे अक्षर आढळले तिथे, त्याच रकान्यात, ते अक्षर. म्हणजे हा एक तक्ताच होता. पण या तक्त्यात एकही अक्षर बेवारशी नव्हते. कोणते अक्षर कोणत्या हस्तलिखिताचे, हे त्याच्या जागेवरूनच कळत होते.

पाठचिकित्सेचे दोन धडे आपल्या तक्त्यांना थेट लागू पडतात. पहिला असा की प्रतींची संख्या म्हणजे पुरावा नव्हे. दहा हस्तलिखितांत एकच पाठ असला, पण ती दहाही एकाच प्रतीवरून उतरलेली असली, तर साक्षीदार एकच. पाच ठिकाणी एकच भाव दिसला म्हणून तो पक्का मानणारा वाचक नेमके हे विसरतो, आणि त्या पाचांची वाट एकाच चुकलेल्या शीटकडे जात असू शकते. दुसरा धडा असा की सामाईक चुकीवरून कूळ ओळखता येते. दोन तक्त्यांत एकाच गावाच्या नावात एकच विचित्र टंकदोष असेल, तर एक दुसऱ्यावरून किंवा दोन्ही तिसऱ्यावरून आलेले आहेत, हे बहुतांशी सांगता येते. आणि जुने लेखक नक्कल संपल्यावर पुष्पिका लिहीत. कोणी लिहिले, केव्हा, कोठे, कोणासाठी. समोर जशी प्रत होती तसे मी उतरवले, दोष मला देऊ नये, अशी विनवणीही पुष्कळदा त्यात असे. ही विनवणी म्हणजे निव्वळ नम्रता नव्हे. माझ्यामागे आणखी एक प्रत आहे, शंका आल्यास तिच्याकडे जावे, हे ती वाचकाला सांगत असते.

यावर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की सामाईक दस्तऐवजात आवृत्तींचा इतिहास आपोआप नोंदला जातो, कोणी केव्हा काय बदलले ते सगळे दिसते, मग वेगळी पुष्पिका कशाला? हा इतिहास मोलाचा आहे, पण तो त्या दस्तऐवजाचा इतिहास आहे, तक्त्याचा नव्हे. अमक्याने अमक्या वेळी येथे तक्ता चिकटवला एवढे तो सांगेल, कोठून आणला हे सांगणार नाही. आणि संपूर्ण दस्तऐवजाची प्रत काढली, तर नवी प्रत कोऱ्या इतिहासाने जन्माला येते. मागील वर्षाचा अहवाल उघडून त्याची प्रत काढायची आणि त्यातच या वर्षाचे आकडे भरायचे, ही आपल्या संस्थांची सार्वत्रिक रीत आहे. ती सोयीची आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्यात गेल्या वर्षीचे एखादे घर भरायचे राहून गेले, तर ते जुने आहे हे सांगणारी कोणतीही खूण त्या कोऱ्या इतिहासात सापडत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. दिवसाला पन्नास तक्ते हलवणाऱ्या माणसाने प्रत्येकाखाली वंशावळ लिहीत बसावे काय? आक्षेप रास्त आहे. पण आपल्या हिशेबनीसांनी याहून अधिक घाईच्या कामात हेच केले होते. वहीचे पान संपले की तळाशी बेरीज आणि ती पुढील पानावर नेल्याची नोंद, पुढच्या पानाच्या माथ्यावर मागील पानावरून आणल्याची नोंद. दोन-तीन शब्दांचे काम. त्या शब्दांमुळे कोणत्याही पानावरचा आकडा मागे मागे नेत पहिल्या पानापर्यंत पोचवता येत असे. अडचण काळाभोवती नसून सवयीभोवती आहे. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत रुग्णालयांतल्या खाटा आणि प्राणवायू यांच्या याद्या देशभर सामाईक शीट्समधून फिरत होत्या. त्यांची नक्कल झाली की काही तासांत त्या निरुपयोगी होत, आणि नातेवाईक बंद पडलेल्या क्रमांकांवर फोन करत राहत. तेव्हा अनेक स्वयंसेवकांनी कोणी न सांगता यादीत एक रकाना वाढवला: शेवटची पडताळणी केव्हा झाली. जीव टांगणीला लागलेला असताना, सर्वाधिक घाईत, लोकांनी रुजुवातीसाठी जागा काढली. मग निवांतपणी ती काढता येत नाही, असे म्हणण्यात अर्थ उरत नाही.

तेव्हा सुचवावेसे वाटते ते फार मोठे नाही. तक्ता दुसरीकडे नेताना त्याखाली एक ओळ असावी: कोठून घेतला, कोणत्या दिवशी, कोणी, आणि घेताना काय वगळले किंवा बदलले. त्याच ओळीत तो गोठवलेला आहे की मुळाशी जोडलेला, हे लिहावे. तारीख वरच्या पट्टीत असेल, तर उचलण्यापूर्वी तिचा रकाना करून ती प्रत्येक ओळीत यावी. परिमाणाचा रकाना सर्वत्र एकच शब्द असला तरी काढू नये. काढायचाच झाला, तर तो शब्द दराच्या मथळ्यात न्यावा. गावाच्या नावासोबत तालुका-जिल्हा ठेवावा. जो तक्ता दुसऱ्यांच्या पैशाशी, जमिनीशी किंवा औषधाशी संबंधित आहे, त्याची जुळवणी चिकटवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी करावी आणि तिचेही नाव त्या ओळीत यावे. सामाईक दस्तऐवजात दुसरा माणूस तर आधीपासूनच हजर असतो, त्याला फक्त काम नेमून द्यायचे आहे.

हे यंत्रांनी स्वतःहून करावे अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. तक्ता उचलताना त्याचा मथळा, परिमाण आणि मूळ पत्ता आपोआप सोबत आला तर उत्तमच. पण कोणता आकडा साक्षीसकट न्यायचा आणि कोणता साक्षीविना चालेल, हा विवेक यंत्र बाळगत नाही. केळकरांनी तो कचेरीतला शब्द उचलून आपल्या समीक्षेच्या ग्रंथाला दिला, तेव्हा साहित्यविचारात तो शोभून दिसला. वडगावच्या पेठेतल्या एका दिवसाच्या भावाच्या नकलेखालीही तो तितकाच शोभेल. फरक इतकाच की तिथे तो कोणाच्या तरी एका हंगामाच्या उत्पन्नाशी बांधलेला असेल.